वाटी हेल्मेट सोडलं त्याला कारण एक होला (फुल फेस हेल्मेट, आठ महिने वापरून)

आधीच सांगून ठेवतो, रिव्ह्यू हेल्मेटचा आहे पण यात पक्षी जास्त येणारेत. कंपनीचं नाव टाकत नाही, का ते खाली कळेल. बेळगाव तसं हेल्मेटचं गाव, वेगा ही हेल्मेटची कंपनी इथलीच, माझं मात्र त्यांचं नव्हे, दुसऱ्या कंपनीचं आहे.

मी वडगावातनं रोज शिनोळी एमआयडीसीत जातो. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची आणि पलीकडं शिनोळी, जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर. गाडी स्प्लेंडर, पन्नास-साठच्या वर ती पण जात नाही आणि मी पण नेत नाही. डोक्यावर तीन वर्षं ते वाटीसारखं हेल्मेट होतं, रस्त्याकडेला झाडाखाली अडीचशेला मिळतंय ते. आयएसआयचा स्टिकर पण होता त्याच्यावर, स्टिकर छापायला काय लागतंय. ते मी पोलिसासाठी घालत होतो, डोक्यासाठी नव्हे.

डिसेंबरात तुरमुरीच्या पुढं रस्त्यावर नाचणी पसरलेली. आपल्याकडं हे दरवर्षीचंच, खळं कोण करत बसणार, कणसं डांबरावर टाकायची आणि ट्रक, टेम्पो, बस सगळ्यांकडनं फुकट मळणी करून घ्यायची. नावं ठेवत नाही, माझ्या मामाचं पण तेच असतंय. पण दाणा आला की पाखरू आलंच. दहा-पंधरा होले (कबुतराच्या जातीतलं लहान पाखरू) टिपत बसले होते. कावळ्याचं बरं असतंय, तो गाडी बघतो, दोन उड्या मारून बाजूला होतो आणि गाडी गेली की परत जागेवर. होला शेवटपर्यंत टिपत बसतो आणि मग एकदम फडफडतो, ते पण सरळ वर नाही, तिरका, म्हणजे बरोबर आपल्या तोंडाच्या उंचीला. साठच्या वेगात गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढं जाते, तो उडाला हे आपल्या डोक्यात शिरेपर्यंत तो गालावर आलेला असतोय.

गॉगलची काडी मोडली, डावा डोळा मिटला आणि खाली ती नाचणी. चाकाखाली छर्रे टाकल्यासारखी असते ती, ब्रेक मारला की संपलं. मी ब्रेक मारला नाही ही काही हुशारी नव्हती, सुचलंच नाही, नुसती मूठ सुटली आणि गाडी आपोआप हळू झाली. गाडी स्टँडला लावून मागं गेलो तर होला कडेला पडलेला, मेला होता पण हाताला अजून गरम लागत होता. त्याला उचलून बांधावर ठेवला. वाईट वाटलं, खोटं का सांगू.

कंपनीत गेल्यावर पहिला प्रश्न, "काय गा, कोण मारलं?" मी म्हणालो होला. त्यानंतर आठ दिवस माझ्या टेबलाजवळनं जाणारा प्रत्येक माणूस घुटर्रघू करून जायचा. डॉक्टरनी मात्र हसले नाहीत, गॉगलच्या काचेनं पापणीच्या कडेला कापलं होतं, आणखी थोडं आत असतं तर डोळा गेला असता म्हणाले. आईनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी दोन हजार रुपये ठेवले, काही बोलली नाही.

मग गावात जाऊन हे घेतलं, सोळाशे पन्नासला. फुल फेस, आयएस ४१५१ चा (म्हणजे हेल्मेटच्या आयएसआयचा) मार्क खरा, वजन सव्वा किलोच्या आसपास. (जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं टू व्हीलरचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी झाडाखालचा माणूस झाडाखालीच आहे.) दुकानदारानं आधी काळी काच दाखवली. "ही घ्या की हो, उन्हाला बरी, स्टाईल पण येतीय." मी साधी मागितली. परतताना उचगाव फाट्याला सात वाजतात, समोरनं उसाची ट्रॉली, तिला मागं लाईट नाही, आणि त्यात मी काळ्या काचेतनं बघणार? साधीच घ्या. उन्हाला आतनं गॉगल घालता येतो.

पहिले पंधरा दिवस गाल असे दाबले जायचे की माणूस गाल फुगवून रुसलेला दिसतोय. घट्टच पाहिजे म्हणे, आतला स्पंज नंतर बसतो, आणि खरंच बसला. क्लिपचा पट्टा चांगला आहे, हातमोजे घालून पण लागतो. आत गरम होतंय, मार्च-एप्रिलमध्ये हिंडलग्याच्या सिग्नलला डोकं शिजतं, त्याला इलाज नाही. आवाज कमी येतो हे काहींना आवडतं, मला नाही, मागनं टिप्पर आला की हॉर्न उशिरा कळतो, आरशात बघायची सवय लावून घ्यावी लागली.

आता खरी परीक्षा. मे महिन्यात सुळग्याजवळ साळुंकी येऊन आपटली. दोन साळुंक्या भांडत भांडत रस्त्यावर आल्या, एकीनं मला बघितलं, दुसरीनं भांडणाच्या नादात नाही. फाट्कन आवाज झाला, मान जराशी मागं गेली, बस. काचेवर पांढरट ओघळ आणि बिजागरीत एक पीस अडकलेलं. साळुंकी गटांगळी खाऊन बांधापलीकडं गेली, उडत गेली म्हणजे वाचली असावी. मी गाडी थांबवली पण नाही. डिसेंबरातला होला आणि मेमधली साळुंकी, माझ्या दृष्टीनं फरक एका काचेचा. पैसे तिथंच वसूल.

पण काच सगळ्याला पुरत नाही. मोर चार ते सहा किलोचा, त्याच्यासमोर कसलं हेल्मेट. लांडोरी तर ओळीनं रस्ता ओलांडतात, एक गेली म्हणून गॅस दिला की दुसरी चाकात. एक दिसली की थांबायचं, मागच्या येऊ द्यायच्या. आणि काही झालं तरी हँडल झटका मारून वळवायचं नाही. पक्ष्याला चुकवायला गेलेला माणूस समोरच्या ट्रॉलीखाली जातो. सरळ धरायचं, दोन्ही ब्रेक दाबायचे, मान थोडी खाली घालायची, जे काय लागायचं ते हेल्मेटला लागू दे.

कुंभारकावळा म्हणजे भारद्वाज, तो दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. आमची आजी तर हात जोडायची. तो झुडपातनं निघतो आणि पंख जड झाल्यासारखा गुडघ्याएवढ्या उंचीवरनं रस्ता ओलांडतो. माझ्या बुटाला एकदा घासून गेला. शुभच म्हणायचं, पडलो नाही.

रात्रीचा विषय वेगळा. जूनच्या सुरुवातीला चोर्ला घाटातनं गोव्याला गेलो होतो, येताना जांबोटीच्या अलीकडं अंधारात रस्त्यावर दोन लाल निखारे. जवळ गेलो तर रातवा, डांबर गरम असतं म्हणून बसलेला, हेडलाईट अंगावर आला तरी हलत नाही, अगदी पुढच्या चाकाजवळ आल्यावर उठतो. त्या रस्त्याला रात्री चाळीसच्या वर जायचंच नाही. आणि पावसात कणकुंबीच्या पट्ट्यात या काचेची सगळी लाज गेली. बाहेर धुकं, आत आपल्या श्वासाची वाफ, दोन मिनिटांत समोर दुधाचं पातेलं. काच बोटभर उघडी ठेवली तर पाणी आत. शेवटी भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतनं पातळ पुसून घेतला, त्यानं तासभर निभावलं. वाफ न धरणारी जोड-काच बसवता येते काही हेल्मेटांना, याला बसत नाही. घेताना हे विचारा, मी विचारलो नाही.

आता तक्रार. चौथ्या महिन्यात काचेचे दात (काच जिथं ठेवली तिथं धरून ठेवणारे) झिजले. वर केलेली काच स्पीड ब्रेकरला आपोआप खाली पडायला लागली, आणि नंतर नंतर खाली केलेली वाऱ्यानं वर. म्हणजे ज्या कामासाठी घेतलो तेच काम नाही. कंपनीला दोन मेल केले, एकाला आपोआप आलेलं थँक्यू आलं, दुसऱ्याला ते पण नाही. दुकानदार चांगला माणूस, साठ रुपयांत दोन्हीकडचे स्क्रू आणि वॉशर बदलून दिला. आता धरते, खरं किती दिवस धरतीय बघू. एकट्या माझ्याच पीसला झालं असेल, म्हणून नाव नाही.

दुसरं, काचेवर ओरखडे लवकर पडतात. थोडी चूक माझी पण, सुरुवातीला किडे कोरड्या फडक्यानं पुसत होतो. आता ओलं कापड दोन मिनिटं वर ठेवतो, किडे फुगतात, मग अलगद निघतात. गॅरेजवाल्यांचं ऐकून पेट्रोल लावू नका, काच तडकते, शेजाऱ्याची गेली तशी. ओरखडे दिवसा कळत नाहीत, रात्री समोरच्या गाडीचा लाईट आला की काचेवर नुसत्या चांदण्या.

पाचपैकी साडेतीन. अर्धा वाफेचा कापला, एक त्या दातांचा. साळुंकीसाठी पाचपैकी पाच.

स्पेअर काच दुकानदाराला सांगून ठेवलीय, तीनशेला. शनिवारी येतीय म्हणालाय. गेल्या शनिवारी पण येणार होती.