चार जणांत एक पायपर सेनेका : नागपुरातल्या वापरानंतरचा अनुभव

सोनेगावच्या विमानतळावर उभी असलेली आमची दोन इंजिनांची पायपर सेनेका-२ चौघांच्या मालकीची आहे. एक हाडांचे डॉक्टर, एक एअरलाइनमधून निवृत्त झालेले कॅप्टन, एक कोळसा वाहतुकीतले व्यावसायिक आणि बुटीबोरीत कारखाना चालवणारा मी. वर्ष उलटून गेलं. उन्हाळा, पावसाळा आणि वार्षिक तपासणी असं सगळं एकदा पाहून झालं. भेटणारा प्रत्येक जण "केवढ्याला पडलं?" एवढंच विचारतो. खरेदीचे पैसे एकदा दिले की विषय संपतो. भागीदारी टिकते किंवा मोडते ती त्यानंतरच्या खर्चावर, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

आधी हेच विमान का ते सांगतो, कारण पुढचा निम्मा खर्च त्या निवडीतून आला आहे. आमच्यापुढे पायपरचंच दोन इंजिनांचं सेमिनोलही होतं. साधं विमान, टर्बो (हवा दाबून इंजिनाला पुरवणारं यंत्र) नाही, देखभालीला स्वस्त. पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकतो आणि गाव समुद्रसपाटीपासून हजारेक फूट उंचीवर आहे. त्या उन्हात हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी धावपट्टी जवळपास ५,००० फुटांवर गेलेली असते. पूर्ण वजनाच्या सेमिनोलची एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग, म्हणजे एकाच इंजिनावर ते जिथवर चढू शकतं ती उंची, ३,८०० फूट आहे. म्हणजे भर दुपारी उड्डाण केल्यावर एक इंजिन गेलं तर उरलेलं इंजिन विमानाला वर नेईल याचा भरवसा नाही. सेनेका-२ ची तीच मर्यादा टर्बोमुळे १३,००० फुटांच्या वर आहे. दुसऱ्या इंजिनाचा खर्च आपण ज्या प्रसंगासाठी सोसतो, तो प्रसंग विदर्भातल्या उन्हाळ्यात आला तरी ते इंजिन कामाला आलं पाहिजे. त्यामुळे टर्बोचा जादा खर्च चौघांनीही पटून स्वीकारला.

टर्बो सांभाळावा लागतो. सेनेका-२ चा वेस्टगेट, म्हणजे टर्बोकडे जाणारा गरम वायू वळवणारी झडप, फिक्स असतो, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब हातानेच आवरायचा. डिसेंबरच्या थंड सकाळी ३२ नंबरच्या धावपट्टीवर थ्रॉटल पुढे नेताना काटे झपाझप चढतात. लाल रेघ ४० इंचांवर (पाऱ्याचे इंच). आम्ही ३५-३६ ला हात थांबवतो, कारण वेग घेतला की दाब आपसूक आणखी वर जातो. रेघ ओलांडली गेली तर ते वहीत लिहायचं आणि त्याच दिवशी चौघांना कळवायचं, असा नियम आहे. एकाच्या हातून झालेल्या ओव्हरबूस्टचं बिल पुढे चौघांत वाटलं जातं, त्यामुळे हा नियम मला विम्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता मुख्य हिशेब. इंजिनं कॉन्टिनेंटलची टीएसआयओ-३६०, ओव्हरहॉलची (पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची) मुदत १,८०० तास. आम्ही उड्डाणाच्या प्रत्येक तासाला एका इंजिनामागे २,५०० रुपये वेगळ्या खात्यात टाकतो. १,८०० तास भरले की एका इंजिनाचे ४५ लाख जमतात. ऐकायला हिशेब चोख वाटतो. पण कंपनी तासांबरोबर १२ वर्षांची मुदतही देते, जे आधी भरेल ते. १,८०० ला १२ ने भागा, वर्षाला १५० तास येतात. चार जणांचं खाजगी विमान वर्षाला १५० तास उडणं सोपं नाही. समजा १२० तास उडालं, तर १२ वर्षांत १,४४० तास होतात आणि खात्यात ३६ लाखच जमतात. एका इंजिनामागे ९ लाखांची तूट, दोन्हीची १८ लाख. कमी उडवलं म्हणून इंजिनाचा खर्च वाचत नाही, उलट दर तासाला तो महाग पडतो. म्हणून आमच्या करारात लिहिलंय, की विमान कितीही कमी उडो, इंजिन फंडात वर्षाला १५० तासांची रक्कम जमा झालीच पाहिजे. कमी पडेल ती चौघांनी सारखी भरायची. वापरलेलं विमान घेतल्यामुळे इंजिनांचे आधीचे तास आणि वर्षं खर्ची पडलेली होती. तेवढी रक्कम पहिल्याच दिवशी प्रत्येकाने एकगठ्ठा भरली. भागीदारी करायची असेल तर हे एक कलम घालाच, बाकीचं मागाहून ठरवता येईल.

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही. सेनेकाची दोन्ही इंजिनं उलटसुलट दिशेने फिरतात. उजवं उलट फिरणारं, एलटीएसआयओ. उडवायला हे फार छान, कारण डावं गेलं काय नि उजवं गेलं काय, विमान सारखंच सांभाळता येतं. पण उजव्याचा क्रँकशाफ्ट वेगळा, कॅमशाफ्ट वेगळा, स्टार्टर वेगळा. सिलिंडर दोन्हीकडे चालतात. बाकी कित्येक वस्तू फक्त उजव्यासाठी मागवाव्या लागतात आणि त्या जगातच कमी असतात. वार्षिक तपासणीत आमच्या उजव्या इंजिनाच्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब धरून ठेवणं) बाकीच्यांपेक्षा बरंच खाली आलं. बोरस्कोप (नळीवरचा बारीक कॅमेरा) आत घातला. पडद्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) दिसला, त्याच्या कडेला एका बाजूचा रंग बदललेला होता. असा एकांगी रंग म्हणजे व्हॉल्व्ह तिथे नीट बसत नाही, गरम वायू त्या फटीतून निसटतोय आणि धातू जळायला लागलाय. लवकर दिसल्यामुळे काम एका सिलिंडरवर भागलं. सुटा भाग यायला मात्र कित्येक आठवडे गेले. तेवढा काळ विमान जमिनीवर, पण विमा, पार्किंग आणि कर्जाचा हप्ता चालूच.

मिहानमध्ये विमान दुरुस्तीचे मोठमोठे हँगर आहेत, पण ते एअरबस-बोइंगसाठी. आमच्या पिस्टन इंजिनाला परवानाधारक इंजिनिअर बाहेरून येतात. त्यांचा प्रवास, मुक्काम आणि साधनसामग्री बिलात धरावी लागते. यावर तोडगा म्हणून ५० तासांचं तेल बदलणं, १०० तासांची तपासणी असली कामं शक्य तितकी एकाच भेटीत बसवतो. तेल बदलताना मी कारखाना सोडून तिथे हजर असतोच. जुना फिल्टर कटरने कापायचा, आतला घडीचा कागद पांढऱ्या कापडावर उलगडायचा, चिमट्याने घड्या फाकवायच्या आणि चमकणारे कण शोधायचे. सापडले तर त्यांच्यावरून लोहचुंबक फिरवायचं. चिकटले तर लोखंड, म्हणजे आतलं काहीतरी महागाचं झिजतंय. आमचे इंजिनिअर मूळचे यवतमाळचे. पहिल्याच भेटीत म्हणाले, "भाऊ, हे इंजिन उडून खराब नाही होत, उभं राहून होते." पावसाळ्यात ते पटलं. ढगांमुळे उड्डाणं कमी होतात, हवेत ओल असते आणि सिलिंडर आतून गंजायला लागतात. नुसतं जमिनीवर चालवून बंद करणं आणखी वाईट, तेल पुरेसं तापत नाही आणि ओल आतच राहते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आकाश उघडलं रे उघडलं की ज्याला वेळ असेल त्याने उडवायचं, तास कोणाच्या नावावर लागतात ते बघत बसायचं नाही.

इंधनाचं थोडक्यात सांगतो. दोन्ही इंजिनं मिळून तासाला साधारण ८० लिटर ॲव्हगॅस (पिस्टन इंजिनांच्या विमानांचं पेट्रोल) पितात. ॲव्हगॅस एटीएफपेक्षा, म्हणजे जेट विमानांच्या इंधनापेक्षा, कितीतरी महाग आणि सगळीकडे मिळतही नाही. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये देशी ॲव्हगॅस आणलं ही चांगली गोष्ट झाली, तरी जाण्याआधी पुढच्या ठिकाणी साठा आहे का हे फोन करून विचारावंच लागतं.

खर्च आम्ही दोन भागांत वाटतो. विमा, पार्किंग, एअरवर्दिनेस रिव्ह्यूचं (विमान उडण्यायोग्य असल्याच्या पडताळणीचं) काम, वार्षिक तपासणी हे चौघांत सारखं. इंधन, तेल आणि इंजिन-प्रोपेलर फंड उडवलेल्या तासांप्रमाणे. नुकसान झालं तर विम्यातली आपण भरायची रक्कम त्या वेळी उडवणाऱ्याची. डॉक्टरसाहेबांचे मल्टी-इंजिनचे तास कमी, त्यांच्यामुळे प्रीमियम वाढला. तो फरक त्यांनी स्वतःहून उचलला आणि कॅप्टनसाहेबांबरोबर नियमाने एका इंजिनावरचा सराव सुरू केला. असा भागीदार मिळणं हे विमान चांगलं मिळण्यापेक्षा मोठं. दिवाळीत आणि मे महिन्यात पहिला हक्क फेरीने, एरवी आधी नोंद करील त्याचा. बाहेर पडायचं असेल तर इंजिनांच्या उरलेल्या आयुष्यावरून किंमत काढायची आणि आधी इतर तिघांना विचारायचं.

वेळ वाचतो का? संभाजीनगरला दीड तासाच्या आत पोचतो. पण फ्लाइट प्लॅन, उड्डाणाच्या मंजुरीचे एडीसी-एफआयसी नंबर, विमानाची पाहणी, उतरल्यावर पुढची टॅक्सी वगैरे धरलं आणि समृद्धी महामार्गाने निघालेल्या गाडीशी तुलना केली, तर फरक फार मोठा उरत नाही. रायपूर, नांदेड, हैदराबादकडे तो जाणवतो. निव्वळ कामासाठी विमान घेणार असाल तर महिनाभर आपल्या खऱ्या प्रवासांची यादी करा. आम्हा चौघांनाही उडणं मनापासून आवडतं, म्हणून हे गणित आम्हाला झेपतं.

आज नव्याने घ्यायचं झालं तर मी डायमंड डीए४२ चा विचार करीन. त्याची इंजिनं एटीएफवर चालतात, ते नागपुरात सहज मिळतं आणि जळतंही कमी. मात्र खाजगी वापरासाठी विमान आयात करायचं तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे. त्यामुळे देशातच नोंदलेलं, लॉगबुक पहिल्या पानापासून पूर्ण असलेलं विमान शोधा. एखादी लॉगबुक हरवली असं सांगितलं तर किंमत कितीही उतरो, उठून चला.

आमचा पुढचा खर्च प्रोपेलरचा. त्यांची ६ वर्षांची मुदत पुढच्या पावसाळ्यात संपते. दोन्ही एकदमच उतरवून पाठवणार आहोत, म्हणजे विमान एकदाच उभं राहील आणि तेही ज्या महिन्यांत ते तसंही कमी उडतं. त्याचे पैसे फंडात जमा आहेत, कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.