जुनी इनोव्हा डिझेल की जुनी अर्टिगा पेट्रोल?

घरात सात माणसं, गावाकडच्या फेऱ्या आणि बजेट बेताचं असलं की पुण्यात बोलणं फिरून याच दोन गाड्यांवर येतं. फरक कळतो तो इंजिनचं काम निघाल्यावर.

२०१६ पर्यंतच्या इनोव्हाचं २४९४ सीसी डिझेल इंजिन दणकट. नीट सांभाळलेलं तीन लाख किलोमीटर सहज ओढतं. पण त्यात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा आहे. आधीच्या मालकाकडे तो बदलल्याचं बिल नसेल तर गाडी घेतल्या घेतल्या बदला. चालत्या इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि बहुधा हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावं लागतं. दुसरा मोठा खर्च इंजेक्टरचा, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पार्टचा. चारही नवे घालायचे तर पन्नास हजारांच्या पुढची तयारी ठेवा. तपासून खराब तेवढाच बदलणारा, डिझेल इंजिनचे पंप-इंजेक्टर दुरुस्त करणारा मेकॅनिक गाठलात तर बरेच पैसे वाचतात.

गाडी बघायला सकाळी जा. बॉनेटला हात लावा, गार लागलं पाहिजे. मग इंजिन सुरू करून ऑइलचं झाकण सैल करा. भसाभस धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. किंमत कितीही उतरली तरी मागे फिरा.

अर्टिगाच्या १३७३ सीसी पेट्रोल इंजिनात टायमिंग बेल्टच्या जागी चेन आहे. प्लग, इग्निशन कॉइल, थ्रॉटल बॉडीची सफाई, माउंटिंग ही कामं एरवी काही हजारांत मिटतात, पार्ट नाना पेठेत मिळतात. ऑइलकडे दुर्लक्ष झालेल्या गाडीत चेन खडखडते, तेवढं कान देऊन ऐका.

रोज शहरात आणि महिन्यातून एकदा खंबाटकी चढायची असेल तर मी अर्टिगाच घेईन. इनोव्हा घ्यावी ती वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर होणार असतील तरच.