पोवई नाक्याजवळचं नेट कॅफे: प्रिंट झकास, लॉगआउट रामभरोसे

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या या नेट कॅफेत गर्दी असते ती फॉर्म भरणाऱ्यांची. प्रिंट स्वच्छ येते, आणि फोटो-सही हव्या तितक्या केबीत बसवून देणारा काउंटरवरचा मुलगा तरबेज आहे. ओळखपत्र दाखवल्याशिवाय मशीन मिळत नाही. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार ते बरोबरच. ती नोंद किमान वर्षभर ठेवावी लागते. म्हणजे तुमच्या वेळेत त्या मशीनवर काही उपद्व्याप झाला, तर वहीत नाव तुमचं.

घोळ आहे तो टायमरचा. वेळ संपली की स्क्रीनवर ‘सेशन संपले’ झळकतं आणि लोक निर्धास्त उठतात. हा टायमर नुसता पडदा ओढतो, मागे क्रोम चालूच असतं. काउंटरवरून पुढच्या गिऱ्हाइकाला वेळ दिली की आधीच्याचं जीमेल जसंच्या तसं समोर. बँकेचं पान काही मिनिटं हात लागला नाही की स्वतःच सेशन तोडतं, जीमेल तसं करत नाही. विंडो बंद केली तरी कुकी, म्हणजे तुमचं लॉगिन लक्षात ठेवणारी छोटी फाइल, मशीनमध्ये राहते. आणि मेल ज्याच्या हाती लागला, त्याच्याच हाती बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका.

मालकाने टायमरला मशीन रीस्टार्ट करायला लावावं आणि रीस्टार्टला सगळं मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर टाकावं. तोवर आपलं आपण बघायचं.

बसल्याबसल्या कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इनकॉग्निटो, म्हणजे बंद केल्यावर कुकी न ठेवणारी क्रोमची विंडो, उघडा. पासवर्ड सेव्ह करायला नकार द्या. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी साइन आउट करा, मग इनकॉग्निटोच्या सगळ्या विंडो बंद करा. एक जरी उघडी राहिली तरी कुकी जिवंत. डाउनलोड मात्र इनकॉग्निटो पुसत नाही. इथल्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये परक्यांच्या ई-आधारच्या पीडीएफ सर्रास पडलेल्या असतात, आणि त्यांचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं नि जन्मसाल! फाइल निवडून शिफ्ट-डिलीट करा, नुसत्या डिलीटने ती रिसायकल बिनमध्ये जाते.

प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं असेल तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून ते काढा. जीमेल उघडं राहिल्याचं घरी गेल्यावर आठवलं, तर गूगल खात्यातल्या सुरक्षा विभागात ‘तुमची डिव्हाइस’ पाहून तिथून साइन आउट करता येतं.

नेट बँकिंग इथे नकोच. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. गेलेच, तर आधी बँक, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

पाचपैकी तीन तारे, तेही प्रिंटसाठी. कोपऱ्यातलं मशीन टाळा, त्याचं डावं शिफ्ट अडकतं.