मसाई मारातील तंबू-निवास : आरोग्याच्या दृष्टीने

केनियातील मसाई मारामध्ये तळेक नदीकाठच्या ज्या तंबू-निवासात आम्ही चार रात्री राहिलो, तेथे पाहुण्यांच्या आरोग्याची घेतली जाणारी काळजी मला सिंहदर्शनाइतकीच मोलाची वाटली. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, हे जाणून कर्मचारी सूर्यास्तापूर्वीच मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून ठेवत आणि दात घासण्यासाठीसुद्धा उकळून गाळलेले पाणी देत. उणीव एकच, पण गंभीर आहे : आरक्षणाच्या वेळी पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा उल्लेखही झाला नाही. केनियातून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनीच ग्राह्य ठरते. मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध घेणाऱ्यांनी त्या गोळ्या परतल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायच्या असतात, हेही लेखी कळवायला हवे.