नागाळा पार्क ते आर. के. नगर : कौलारू मांडव हलवून देणाऱ्या मिस्त्रींचं काम

पाचपैकी चार. एक गुण कौलांपायी कापला, ते पुढे येईलच.

कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या घराच्या अंगणातला आमचा मांडव दहा बाय दहा फुटांचा. चार सागवानी खांब, वर तुळया-वासे, मंगळुरी कौलांची दोन पाखी, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजू. पाडलेल्या वाड्याचं लाकूड, सांधे लाकडी खुंट्यांचे, खिळा फक्त रीपांना, म्हणजे कौलांखालच्या पट्ट्यांना. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत पाणी अंगणात आलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्या नातवालाही पाठ. शेवटी घर विकलं. घेणाऱ्याला मांडव नको होता, मला सोडायचा नव्हता.

आधी सामान हलवणाऱ्या एका कंपनीला बोलावलं. त्यांचा माणूस गाडीतून न उतरताच म्हणाला, "हायड्रा लावू, अख्खा उचलू." हायड्रा म्हणजे फिरती क्रेन. दर २२ हजार, आणि नव्या जागी पाया तुमचा तुम्ही बघायचा. मी फौंड्रीत पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करायचो, लाकूड थोडंफार कळतं. खुंटीचा सांधा वरून येणारं वजन पेलतो. त्याला पट्ट्यात लटकवला की खुंट्या निसटणार. शिवाय चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं धरली, तर नुसतं छप्परच अर्ध्या टनाच्या वर जातं. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग टिंबर मार्केटातल्या मिस्त्रींकडे गेलो. (नाव-नंबर त्यांना विचारल्याशिवाय टाकणार नाही. जुन्या वाड्यांची कामं कोण करतं असं तिथे विचारलंत तर सापडतील.) आल्या आल्या त्यांनी दराचं काही काढलं नाही. प्रत्येक खांबाच्या बुडाशी पटाशी टोचून बघितली, मग ओळंबा सोडला. नैर्ऋत्येचा खांब इंचभर खाली गेलेला. नदीकडची काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात खांब बसत गेला आणि सगळी चौकट तशीच कलून राहिली. "काका, ह्यो वाकडा हाय, पण त्याला वाकड्याची सवय झालीया. तिकडं सरळ उभा केला की भोकं जुळायची न्हाईत बघा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पुढे नेमकं तसंच झालं.

दर ३८ हजार, उतरवणं, वाहतूक, उभारणी धरून. गवंडी आणि काँक्रीट वेगळं.

खोलण्याआधी प्रत्येक सांध्यावर दोन्ही तुकड्यांना छिन्नीने सारख्याच रेघा मारल्या. खडू का नको विचारलं, तर म्हणाले, हमालाच्या घामानं पुसतोय. मधुमालतीचा वेल गुडघ्यापर्यंत छाटला. कौलांखाली गांधीलमाश्यांचं पोळं निघालं, त्यापायी एक सकाळ वाया गेली, त्याचा दोष कोणाला देणार. खुंट्या ठोकून नाही, उलट्या बाजूने पंच लावून काढल्या. एकच मोडली, ती त्यांनी जागेवरच नवी तासली. या कामाला पैकीच्या पैकी.

छोट्या हत्तीला पाऊण टनाची मर्यादा. म्हणून कौलं एका खेपेला, लाकूड दुसऱ्या. सायबर चौकातून शेंडा पार्कमार्गे नेलं. तुळयांखाली सारख्या अंतरावर पट्ट्या टाकल्या होत्या, म्हणजे लाकूड पीळ खात नाही. कौलांच्या गाडीवर मात्र मिस्त्री नव्हते, दोन पोरं होती. मंगळुरी कौल काठावर उभं रचायचं, मध्ये पिंजर घालायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आडव्या थप्प्या लावल्या आणि खालची फुटली. मोठी अडचण अशी की, दुसऱ्या छापाचं कौल जुन्याच्या खाचेत नीट बसत नाही. त्याच छापाची कौलं पाडकामाचं सामान विकणाऱ्याकडे हिंडून मलाच शोधावी लागली. भरपाईचं विचारलं तर मिस्त्री नुसते हसले. तो एक गुण इथे गेला.

नव्या जागी दीड फुटावरच मुरूम लागला, पायाची चिंता मिटली. खांब आता जमिनीत नाहीत. दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर आहेत, मधून गज घेतलाय, म्हणजे बुडाशी पाणी आणि वाळवी दोन्हीला जरा लांब. चारी तळखड्यांची पातळी पाण्याच्या नळीने काढली. कर्ण दोन्हीकडून १४ फूट पावणेदोन इंच भरेपर्यंत एकही खुंटी पक्की केली नाही. दोन सांध्यांची भोकं खरोखरच जुळेनात. तिथे घण न घालता जुनं भोक सागवानी गुटक्याने बुजवून नवं पाडलं. टेप माझ्याच हातात होता, म्हणून खात्रीने लिहितोय.

दिशेवरून घरात वाद झाला. बायकोला जुन्यासारखीच उघडी बाजू पश्चिमेला हवी होती, संध्याकाळी बसायला. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, हितं माळ हाय. पावसाळ्यात वारं पश्चिमेकडनं येतंय, उघड्या बाजूनं शिरलं की कौलं उचलंल." मांडव पाव फेरा फिरवून पाख पश्चिमेला घेतलं, वर कडेच्या कौलांना तार मारली. परवाचा वळीव जोराचा होता, एक कौल हललं नाही. बायको अजून नाराज आहे, पण खुर्ची तिथेच टाकते.

वेळेच्या बाबतीत मिस्त्रींवर विसंबू नका. "उद्या सकाळी" म्हणजे परवा दुपारी. जूनच्या आत काम हवं असेल तर त्यांना होळीलाच गाठा. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि फुटलेल्या कौलांचे पैसे कोणाचे, हे आधी कागदावर घ्या. लोखंडी पाइपांचा मांडव असेल तर यांच्याकडे जाऊ नका, उद्यमनगरात कोणीही फॅब्रिकेटर नटबोल्ट खोलून स्वस्तात करून देईल.