फिटच्या गोळ्या आणि लिव्हरची तपासणी : घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबबद्दल

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून आकडीचा त्रास असून गेली अनेक वर्षे तो सोडियम व्हॅल्प्रोएट घेत आहे. औषधाचा गुण चांगला आला आहे, पण ते यकृताला त्रासदायक ठरू शकत असल्याने न्यूरॉलॉजिस्टच्या सांगण्यावरून त्याच्या रक्ताच्या तपासण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात. त्यासाठी आम्ही पुण्यातील एका मध्यम आकाराच्या पॅथॉलॉजी लॅबची घरपोच सेवा वापरतो. लॅबचे नाव येथे देत नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी कोणतीही लॅब निवडताना काय पाहावे हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

व्हॅल्प्रोएट १९६७ पासून फ्रान्समध्ये आणि १९७८ पासून अमेरिकेत वापरात आहे, आणि यकृत निकामी होण्याच्या शक्यतेबद्दलचा ठळक इशारा त्याच्या अमेरिकेतील माहितीपत्रकात अगदी सुरुवातीलाच दिलेला असतो. हा गंभीर धोका मुख्यतः औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत असतो. दोन वर्षांखालील मुले, एकाच वेळी आकडीची अनेक औषधे घेणारे आणि मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) आनुवंशिक आजार असलेले रुग्ण यांना तो सर्वाधिक असतो. अनेक वर्षे औषध घेणाऱ्या प्रौढ माणसाच्या बाबतीत काळजीचे स्वरूप वेगळे असते : वजन वाढते, लिव्हरवर चरबी साठते, एन्झाइम थोडे वर सरकतात, प्लेटलेट कमी होतात, रक्तातील अमोनिया वाढू शकतो. म्हणून आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एसजीपीटी आणि एसजीओटी या एन्झाइमच्या जोडीला बिलिरुबिन (हे वाढले की कावीळ दिसते), अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन), प्लेटलेटसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) हेही असते. एन्झाइम वाढणे म्हणजे यकृताच्या पेशींना इजा होत असल्याची खूण. यकृत आपले काम करते आहे की नाही, हे मात्र अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम अधिक नीट सांगतात.

नमुना घेण्याच्या बाबतीत ही सेवा खरोखर उत्तम आहे. व्हॅल्प्रोएटची रक्तातील पातळी पाहायची असेल तेव्हा रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी घ्यावे लागते, अन्यथा येणाऱ्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण होते. रक्त घ्यायला येणारा मुलगा रात्रीची गोळी किती वाजता घेतली हे स्वतःहून विचारतो आणि नळीच्या चिठ्ठीवर वेळ लिहितो. प्रोथ्रॉम्बिन टाइमची निळ्या टोपणाची नळी तो खुणेपर्यंत भरतो, कारण तिच्यातील रक्त गोठू न देणारे सायट्रेट एक भाग आणि रक्त नऊ भाग असे प्रमाण जमले नाही, तर निकाल चुकतो. नळी जोरात न हलवता अलगद उलटसुलट करण्याची त्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. रक्त घेताना किंवा वाहून नेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातले एसजीओटी नमुन्यात मिसळते आणि लिव्हर ठीक असूनही आकडा फुगतो. एकदा आमच्या नमुन्यात असे झाले, तेव्हा लॅबने संशयास्पद रिपोर्ट न पाठवता त्याच दिवशी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी कोणतेही शुल्क न घेता पुन्हा रक्त नेले. माझा या लॅबवरचा विश्वास त्या दिवशी पक्का झाला.

अमोनियाच्या तपासणीबाबत मात्र सेवा कमी पडली. भाऊ मध्यंतरी दिवसभर पेंगत होता, बोलणे संथ झाले होते आणि चालताना तोल जात होता. व्हॅल्प्रोएटमुळे एसजीपीटी अगदी नॉर्मल असतानाही अमोनिया वाढून अशी गुंगी येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी ती तपासणी तातडीने सांगितली. हा नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये पोहोचवावा लागतो. तो बाहेर राहिला की नळीतच अमोनिया वाढत जातो. फोनवर बुकिंग घेणाऱ्या व्यक्तीने इतर तपासण्यांप्रमाणेच सकाळची वेळ दिली. येणाऱ्या मुलाकडे बर्फ नव्हता आणि आमच्यानंतर त्याला आणखी घरे करायची होती. ‘ही टेस्ट घरी नका देऊ, हॉस्पिटलच्या लॅबमध्येच जा,’ असे त्यानेच प्रांजळपणे सांगितले, म्हणून आम्ही तडक तिकडे गेलो. जे त्या मुलाला ठाऊक होते, ते बुकिंगच्या टेबलावर बसणाऱ्याला ठाऊक असायला हवे होते. पेंगणाऱ्या रुग्णाची सकाळ अशी वाया जाणे मला मान्य नाही.

दुसरी तक्रार रिपोर्टच्या मांडणीबद्दल आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. मर्यादेपेक्षा किंचितही जास्त असलेला आकडा ठळक, लाल अक्षरांत छापला जातो आणि त्यापुढे काहीच स्पष्टीकरण नसते. भावाचे एसजीपीटी ४० च्या मर्यादेऐवजी साठच्या आसपास आले, तेव्हा आमच्या आईने पहिला प्रश्न विचारला तो गोळी बंद करायची का हा. डॉक्टर सामान्यतः एन्झाइम मर्यादेच्या तिप्पट होत आहेत का, त्यासोबत बिलिरुबिन वाढले आहे का, रक्त गोठण्यास वेळ लागतो आहे का आणि रुग्णाला काही त्रास होतो आहे का, हे सारे एकत्र पाहतात. एकट्या लाल आकड्यावरून औषध बदलत नाहीत. आकडीचे औषध एकाएकी थांबवले, तर न थांबणारी फिट येऊन जिवावर बेतू शकते. रिपोर्टच्या तळाशी ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये’ ही एक ओळ छापायला कितीसा खर्च येणार आहे?

त्यातच, लाल आकडा आलेल्या रुग्णाला लॅबच्या विक्री विभागाचा फोन येतो. आम्हाला ‘संपूर्ण लिव्हर पॅकेज’ आणि सोबत यकृत शुद्ध करणारे चूर्ण सुचवण्यात आले. हे थांबलेच पाहिजे. आपल्याकडे लिव्हरसाठी काढा घेण्याची सवय आधीच घरोघरी आहे आणि त्यात गुळवेल हमखास असते. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला, तो वाद आपल्या जागी आहे. पण जो रुग्ण आधीच यकृतावर परिणाम करू शकणारे औषध आयुष्यभर घेतो आहे, त्याला डॉक्टरांना न विचारता कोणतेही चूर्ण देणे योग्य नाही, आणि लॅबने ते सुचवणे तर मुळीच योग्य नाही.

जमेची एक मोठी बाजू म्हणजे लॅबच्या ॲपमध्ये जुने सर्व निकाल शेजारी शेजारी दिसतात. लॅबगणिक यंत्रे आणि मर्यादा बदलतात, त्यामुळे सवलत पाहून दर वेळी नवी लॅब धरली, तर आकडा खरेच वाढला की फक्त लॅब बदलली हे कळत नाही. आमच्या डॉक्टरांनी तो तक्ता पाहून एसजीपीटी वर्षभर त्याच पातळीवर असल्याचे दाखवले आणि आईची काळजी मिटली. लॅबला एनएबीएलची (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे. मात्र ही मान्यता तपासणीनिहाय असते, म्हणून आपल्या तपासण्या त्या यादीत आहेत का हे विचारून घ्यावे. दरांबाबत तक्रार नाही. पॅकेज न घेता चिठ्ठीवरच्याच तपासण्या मागितल्या की खर्च आटोक्यात राहतो.

भूक मरणे, वारंवार उलट्या, चेहऱ्यावर सूज, डोळे पिवळे होणे किंवा आटोक्यात असलेल्या फिट अचानक वाढणे, यांपैकी काही दिसले, तर घरपोच सेवेची वेळ घेत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. नेहमीच्या तपासण्यांसाठी मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन आणि पाचपैकी साडेतीन गुण देईन.

लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना मी एक विनंती केली होती. नोंदणीच्या अर्जावर चालू औषधे आणि शेवटची फिट कधी आली, हे लिहायला जागा हवी. कारण मोठ्या फिटनंतर स्नायूंमधूनही एसजीओटी वाढते, आणि फेनिटोइन किंवा कार्बामॅझेपिन ही आकडीची दुसरी औषधे घेणाऱ्यांचे जीजीटी हे लिव्हरचे एन्झाइम यकृताला इजा नसतानाही जास्त येते. छापील अर्ज अजून बदललेला नाही, पण भावाच्या रिपोर्टखाली ही माहिती आता त्या शेरा म्हणून नोंदवतात.