हातपंपाचा प्रेशर ब्लीडर: मऊ पेडलसाठी उत्तम, बसत जाणाऱ्या पेडलसाठी निरुपयोगी

ब्रेकचे काम पूर्ण करून चाके बसवली आणि पेडल मऊ लागले, की लाइनमध्ये (ब्रेक ऑइलच्या नळ्यांत) हवा राहिली असा निष्कर्ष बहुतेक जण लगेच काढतात. तो पुष्कळदा बरोबरही असतो आणि त्याच भरवशावर ती हवा दाबाखालील ऑइलने बाहेर काढणारे हातपंपाचे प्रेशर ब्लीडर विकत घेतले जातात. असा एक ब्लीडर मी बऱ्याच काळापासून वापरत आहे आणि उपकरण म्हणून तो मला मनापासून आवडतो. मात्र तो कोणता दोष दूर करतो आणि कोणत्या दोषापर्यंत पोहोचतच नाही, याविषयी सोबतच्या माहितीपत्रकात एक ओळही नाही. ब्रेकच्या बाबतीत हे मौन मला गंभीर वाटते.

रचना साधी आहे. ब्रेक ऑइल भरण्याची प्लास्टिकची बाटली, तिच्या तोंडाशी हातपंप आणि दाबमापक, एक पारदर्शक नळी आणि गाडीतील ऑइलच्या टाकीवर मूळ झाकणाच्या जागी बसणारे झाकण, एवढाच सरंजाम असतो. पंप मारून साधारण एक बार, म्हणजे 15 पीएसआयच्या आसपास दाब द्यायचा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने एकेका चाकाचे निपल (हवा आणि ऑइल बाहेर सोडणारा छोटा स्क्रू) उघडायचे. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याची जुनी रीत प्रत्येक गाडीला लागू पडत नाही, म्हणून मॅन्युअल पाहणे आवश्यक आहे. काम एकट्याने होते आणि बाटलीत ऑइल शिल्लक आहे तोवर टाकी रिकामी होऊन हवा पुन्हा आत शिरण्याची भीती राहत नाही.

तरीही माझ्या दृष्टीने या उपकरणाचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे. त्यात पेडल दाबावे लागत नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या नळकांड्याचा) पिस्टन आपल्या मार्गाच्या सुरुवातीच्या भागातच मागेपुढे होत असतो. जुन्या गाडीत त्यापुढचा, न वापरलेला भाग गंज आणि साका यांमुळे खरबरीत झालेला असू शकतो. हवा काढण्यासाठी कोणी पेडल वारंवार तळापर्यंत दाबले, की पिस्टनवरील रबरी कप त्या खरबरीत भागावरून घासले जातात आणि त्यांची कड फाटू शकते. ब्रेकच्या कामापूर्वी व्यवस्थित असलेले पेडल कामानंतर हळूहळू खाली बसू लागते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. पेडल दाबूनच हवा काढण्याची वेळ आली, तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्याची हालचाल मर्यादित करावी.

उपकरण हातात घेण्यापूर्वी पेडल नेमके कसे वागते हे पाहावे. इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातील) निर्वात संपतो, आणि मग पायाचा दाब स्थिर ठेवावा. पेडल स्पंजी लागत असेल आणि भराभर दाबल्यावर घट्ट होत वर येत असेल, तर हवेचा संशय रास्त आहे. पहिल्यांदा खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर येणारे, पण स्पंजी न लागणारे पेडल मात्र बहुधा अंतराची तक्रार सांगत असते: मागचे ब्रेक शू ड्रमच्या जवळ आणून बसवलेले नसतात, हँडब्रेक ज्यात अंतर्भूत आहे अशा मागच्या कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) अंतर जुळलेले नसते, किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकलेल्या असतात. स्थिर दाबाखाली सावकाश खाली जाणारे पेडल ही तिसरी आणि सर्वांत चिंतेची अवस्था होय. तेव्हा प्रथम टाकीतील पातळी, प्रत्येक जोड, प्रत्येक चाकाची आतली बाजू आणि मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला जोडलेला असतो ती जागा गळतीसाठी तपासावी. बाहेर कोठेही ओल नसेल, तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या आतच कपाला वळसा घालून मागे जात असते. क्वचित एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमधील पूर्ण न मिटणारा व्हॉल्व्हही हाच परिणाम घडवतो. इंजिन सुरू होताना दाबलेले पेडल थोडे खाली जाते, ती बूस्टरची मदत असते. तिला दोष समजू नये.

मास्टर सिलिंडरवर शिक्कामोर्तब करायचे असेल, तर त्याच्या लाइन सोडवून बाहेर पडणाऱ्या तोंडांत योग्य आट्यांचे प्लग बसवावेत आणि आतील हवा काढून पेडल दाबावे. ते दगडासारखे घट्ट राहिले, तर मास्टर सिलिंडर ठीक आहे आणि दोष पुढे आहे. तरीही बसत गेले, तर आणखी शोध घेण्याची गरज नाही. रबरी होज एकेक करून दाबून बंद करण्याची पद्धतही उपयोगी पडते, कारण जो होज बंद केल्यावर पेडल घट्ट होते त्याच्या पलीकडे दोष सापडतो. त्यासाठी गुळगुळीत, गोल जबड्यांचा खास क्लॅम्पच वापरावा आणि जुन्या, भेगाळलेल्या किंवा धातूच्या जाळीच्या होजवर हा प्रयोग करू नये.

प्रेशर ब्लीडर या तिसऱ्या अवस्थेत निरुपयोगी का ठरतो, याचे कारण त्याच्या कामाच्या पद्धतीतच आहे. पेडल मोकळे असताना टाकीकडून सिलिंडरमध्ये जाणारी छिद्रे उघडी असतात, त्यामुळे ब्लीडरचा दाब कपाच्या दोन्ही बाजूंना सारखाच पडतो आणि फाटलेल्या कपाची परीक्षाच होत नाही. चारही चाकांतून स्वच्छ, बुडबुडेविरहित ऑइल येते आणि पेडल तरीही बसते. अशा वेळी आणखी ऑइल काढत राहणे म्हणजे ऑइल आणि वेळ दोन्ही वाया घालवणे होय. मात्र हवा खरोखर उरलेली नाही, हे त्या स्वच्छ ऑइलवरून बरेचसे खात्रीने कळते. निर्वाताने ऑइल ओढणाऱ्या पंपात ही खात्री मिळत नाही, कारण उघडलेल्या निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत येते आणि नळीत बुडबुडे दिसतच राहतात.

‘बरेचसे’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. डावा आणि उजवा कॅलिपर बसवताना अदलाबदल झाली, तर निपल खालच्या बाजूला येते आणि वर साठलेली हवा कितीही दाब दिला तरी बाहेर पडत नाही. निपल वरच्या टोकाला आहे ना, हे पाहायला क्षणभर पुरतो. एबीएस युनिटमध्ये शिरलेली हवा काढण्यासाठी अनेक गाड्यांत स्कॅन टूलने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणाने) पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. मास्टर सिलिंडर नवा असेल, तर त्यातील हवा तो गाडीत बसवण्याआधीच काढून घेणे श्रेयस्कर.

उपकरणाबद्दलच्या माझ्या तक्रारी प्रामुख्याने झाकणाविषयी आहेत. सर्व गाड्यांना चालणारे म्हणून मिळणारे सपाट झाकण साखळीने किंवा पट्ट्याने आवळावे लागते आणि ते कडेने गळते. म्हणून बाटलीत ऑइल भरण्याआधी नुसत्या हवेचा दाब देऊन काटा स्थिर राहतो का, हे पाहणे अनिवार्य मानावे, कारण सांडलेले ब्रेक ऑइल रंग उखडते आणि ते ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे लागते. दाबमापकाचे आकडे कमी दाबाच्या पट्ट्यात फार दाटीने छापलेले आहेत. जिथे एक बार पुरेसा आहे तिथे हा दोष क्षुल्लक नाही, कारण बहुतेक गाड्यांत टाकी मास्टर सिलिंडरवर केवळ रबरी बुशांच्या आधाराने बसलेली असते आणि जास्त दाबाने ती निसटू शकते. काम संपल्यावर आधी बाटलीतील दाब सोडावा, मगच टाकीवरचे झाकण काढावे.

बाटलीत उरलेले ऑइल पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू ताजेपणी 230 अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषलेल्या अवस्थेत 155 अंश सेल्सिअस धरला जातो. सिलिकॉनचे डॉट 5 या ऑइलमध्ये कधीही मिसळू नये. ब्लीडर घेताना बाटलीच्या आकारापेक्षा आपल्या गाडीच्या टाकीवर आट्यांनी बसणारे, आत रबरी गॅस्केट असलेले झाकण सोबत मिळते का, हे आधी विचारावे. ते मिळत नसेल, तर त्या गाडीसाठी हे उपकरण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.